एकाच नंबरच्या चौदा तबकड्या

आमच्या तळघरात 'शॉप अराउंड' या गाण्याच्या तबकडीच्या चौदा प्रती आहेत. सगळ्या सात इंची, सगळ्या मोटाउन कंपनीच्या टॅम्ला या लेबलच्या, आणि सगळ्यांवर नंबर एकच, 54034. बायकोनं एकदा त्या मोजल्या आणि काहीही न बोलता ती जिना चढून वर गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

तिला जे तेव्हा सांगायला हवं होतं ते इथं लिहितो.

1960 च्या शरद ऋतूत डेट्रॉइटमध्ये मोटाउनचा मालक बेरी गॉर्डी यानं मिरॅकल्स या गायकगटाचं हे गाणं बाजारात आणलं. कंपनी जेमतेम पावणेदोन वर्षांची होती. घरच्यांच्या सामायिक बचतीतून उचललेले 800 डॉलर आणि वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं 2648 नंबरचं घर एवढंच तिचं भांडवल. रेकॉर्ड डेट्रॉइट परिसरात विकायला गेली, रेडिओवर वाजायला लागली आणि गॉर्डीला ती ऐकून चैन पडेना. गाणं संथ वाटत होतं. त्यानं रात्री तीन वाजता मिरॅकल्सचा मुख्य गायक स्मोकी रॉबिन्सनला फोन केला, सगळ्यांना स्टुडिओत बोलावलं, पियानोवाला उगवला नाही म्हणून स्वतः पियानोवर बसला आणि तेच गाणं चढ्या लयीत पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. ही हकीकत दोघांनी इतक्यांदा सांगितली आहे की तिला थोडी झिलई चढली असणार, पण नवं ध्वनिमुद्रण झालं हे पक्कं. तेच देशभर गेलं, लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक याद्यांपैकी रिदम अँड ब्लूजच्या (म्हणजे कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या) यादीत पहिलं आणि पॉपच्या यादीत दुसरं आलं. मोटाउनची दहा लाख खपाची पहिली तबकडी ती हीच.

आणि गॉर्डीनं नंबर बदलला नाही. संथ गाणंही 54034, चढं गाणंही 54034. लेबलवर दोन्हीकडे 'मिरॅकल्स, फीचरिंग बिल "स्मोकी" रॉबिन्सन'. मागच्या बाजूला दोन्हीकडे 'हूज लव्हिन यू'. वरवर पाहणाऱ्याला फरक कळायचं काही कारणच नाही.

तर मी गेली अकरा वर्षं मिशिगनमधली तळघरं, गॅरेजं आणि एस्टेट सेल (माणूस गेल्यावर त्याच्या घरातल्या सामानाची होणारी विक्री) पालथे घालत ती संथ प्रत शोधत होतो. गाणं नुसतं ऐकायचं असेल तर मोटाउनच्या सगळ्या सिंगल्सचा जो सीडी-संच निघाला त्याच्या पहिल्या खंडात ते आहे, घरबसल्या ऐकता येतं. पण मला ऐकायचं नव्हतं. मला तो कागद हवा होता.

कागद म्हणतो कारण मी पेशानं हिशेबतपासनीस. दिवसभर लोकांच्या पावत्या आणि नोंदवह्या बघतो. कुठली नोंद आधीची, कुठली मागाहून घुसवलेली, कुणाच्या सहीनं पैसे फिरले, हे शोधण्याचं व्यसन ऑफिस सुटल्यावर सुटत नाही. सोल, म्हणजे साठीतल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीताच्या नादाला मी लागलो तो गायक ओटिस रेडिंगच्या आवाजामुळे, हे खरं. पण त्या नादात टिकलो तो तबकडीच्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यामुळे. शेवटची खाच संपते आणि लेबल सुरू होतं, त्यामधली ती बोटभर मोकळी जागा. आम्ही तिला डेड वॅक्स म्हणतो. तिच्यावर आकडे कोरलेले असतात, कधी ठशानं, कधी हातानं. एखाद्या जमिनीचा सातबारा आणि त्यावरचे फेरफार वाचावेत तसं ते वाचायचं. लेबल खोटं बोलू शकतं, जाकीट, म्हणजे तबकडीचं कागदी वेष्टन, तर सर्रास बोलतं. डेड वॅक्सला खोटं बोलायला कष्ट पडतात.

एक-दोन उदाहरणं देतो, नाहीतर हे सगळं हवेत राहील.

डेट्रॉइटच्या वायव्येला ओवोसो नावाचं लहानसं गाव आहे. तिथं अमेरिकन रेकॉर्ड प्रेसिंग नावाचा कारखाना होता, 1972 मध्ये जळाला. साठीच्या दशकातल्या मोटाउनच्या कितीतरी तबकड्या तिथं दाबल्या गेल्या. डेड वॅक्समध्ये 'एआरपी' अशी एकात एक गुंतलेली अक्षरं दिसली की माल ओवोसोचा. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याची खूण त्रिकोण, आणि त्रिकोणापुढे ओळीनं वाढत जाणारा कामाचा क्रमांक. हा क्रमांक म्हणजे देवाची देणगी. ज्या दोन तबकड्यांच्या तारखा माहीत आहेत त्यांच्यामधला आकडा सापडला की तिसरीची तारीख महिन्याच्या अंतरानं सांगता येते. आरसीए या बड्या रेकॉर्ड कंपनीकडे बाहेरच्या छोट्या लेबलांची कामं यायची, डेड वॅक्सवर कोरलेल्या त्यांच्या मॅट्रिक्स नंबरातलं पहिलं अक्षर वर्ष सांगतं. एस म्हणजे 1965, टी म्हणजे 1966, यू म्हणजे 1967, आणि मग व्ही गाळून डब्ल्यू म्हणजे 1968. व्ही का गाळला? रोमन आकड्यात आणि यू-व्हीमध्ये गोंधळ नको म्हणून असावं असा माझा आपला तर्क.

मग माल कशाचा आहे ते बघायचं. सगळ्या रेकॉर्ड व्हिनाइलच्या असतात असं लोक समजतात. साठीतल्या कितीतरी सोल शौकिनांच्या हातात पडलेलं काळं प्लास्टिक स्टायरीनचं असायचं. व्हिनाइलचा गोळा दाबून तबकडी होते आणि लेबल त्याच दाबात तिच्या अंगात बसतं. स्टायरीन मात्र वितळवून साच्यात सोडतात आणि लेबल नंतर डिंकानं चिकटवतात. नखानं टिचकी मारली की व्हिनाइल मंद वाजतं, स्टायरीन कडक, कपबशीसारखं. स्टायरीन झिजतंही लवकर. रेडिओवाले गाण्याचा पहिला स्वर पकडायला सुईखाली तबकडी पुढंमागं फिरवायचे. त्यामुळे स्टेशनातून आलेल्या स्टायरीनच्या प्रतीत सुरुवातीचे काही सेकंद नुसती खरखर. पुढचं गाणं मात्र कोरं करकरीत.

ही टिचकी मी एकदा मारायची विसरलो आणि 140 डॉलर गमावले. डेट्रॉइटच्या एका छोट्या लेबलची 1966 ची तबकडी, रेकॉर्डच्या मेळ्यात एका टेबलावर, स्वच्छ, नंबर बरोबर, रंग बरोबर. घासाघीस न करता घेतली (इथंच शंका यायला हवी होती, विकणारा फार लवकर हसला). घरी आल्यावर दिव्याखाली धरली तर त्रिकोणच नाही. अस्सल प्रत मोनार्कची, स्टायरीनची. माझ्या हातात व्हिनाइल, आणि आकडे खिळ्यानं खरवडल्यासारखे. भिंगातून लेबल पाहिलं तर बारीक अक्षरांची पोटं शाईनं भरलेली. म्हणजे मूळ लेबलचा फोटो काढून छापलेलं. सत्तरीच्या दशकात ब्रिटनमधली मागणी भागवायला अशा नकला निघाल्या. गंमत म्हणजे ती नक्कलसुद्धा आता पन्नास वर्षांची झाली आहे आणि नकलाच जमवणारी माणसं आहेत. एकानं मला तिचे 20 डॉलर देऊ केले. दिली नाही. डोळ्यांसमोर राहावी म्हणून ठेवली आहे.

ब्रिटनचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो, कारण या छंदातलं सगळं वेड तिथून आलं. उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांतून अमेरिकेत पडलेल्या, कुणी न विकत घेतलेल्या सोल तबकड्यांवर पोरं रात्रभर नाचायची. डेव्ह गॉडिन या लेखकानं 1970 च्या सुमारास या आवडीला 'नॉर्दर्न सोल' असं नाव दिलं. विगन कसिनो हा त्यातला सगळ्यात गाजलेला क्लब, 1973 ते 1981. तिथल्या डीजेंची नामी युक्ती म्हणजे दुर्मीळ तबकडीच्या लेबलवर कागद चिकटवायचा आणि गायकाचं नाव भलतंच सांगायचं, म्हणजे दुसऱ्या डीजेला तीच प्रत शोधता येऊ नये. फ्रँक विल्सनचं 'डू आय लव्ह यू' तिथं एडी फॉस्टर या नावानं वाजत होतं. मोटाउनच्याच सोल नावाच्या उपलेबलवर 1965 च्या नाताळाच्या सुमारास ते निघायचं होतं. नंबर पडला, जाहिरातीसाठी वाटायच्या प्रोमो प्रती छापल्या गेल्या आणि विल्सननं ठरवलं की गायचं नाही, निर्माता व्हायचं. प्रती मोडीत गेल्या. वाचल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातली एक 2009 मध्ये 25,742 पौंडांना विकली गेली. विल्सन पुढे सुप्रीम्स, फोर टॉप्स, एडी केन्ड्रिक्स यांचा मोठा निर्माता झाला. म्हणजे त्याच्या नावावरची सगळ्यात महाग वस्तू ही त्यानं स्वतः टाकून दिलेली.

डॅरेल बँक्सच्या 'ओपन द डोर टू युअर हार्ट'चं तेच. डेट्रॉइटच्या रेव्हिलॉट लेबलवर 1966 मध्ये निघालेलं गाणं, अमेरिकेत चांगलं चाललं, माझी प्रत 8 डॉलरची आहे. ब्रिटनमध्ये डेक्काच्या लंडन लेबलनं ते छापायला घेतलं, पण हक्क मिळाले ईएमआयच्या स्टेटसाइड लेबलला. लंडनवाल्यांनी माल मागं घेतला. प्रोमो प्रती काही सुटल्या होत्या. दुकानात विकायची म्हणून छापलेली प्रत मात्र कुणी पाहिली नव्हती. ती एक निघाली आणि 14,543 पौंडांना गेली. गाणं तेच, आवाज तोच, माझ्या 8 डॉलरवाल्या प्रतीतही आहे. जादा पैसे गेले ते दोन कंपन्यांच्या करारातल्या घोळासाठी. आणि घोळ लेबलवरही आहे. गीतकार म्हणून बँक्सनं स्वतःचं नाव लावलं, डॉनी एल्बर्ट म्हणाला गाणं माझं आहे, शेवटी दोघांच्या नावावर झालं.

म्हणून मला बाजारभावाचं फार कौतुक नाही. महाग तबकडी ही बहुतेक वेळा पडेल तबकडी असते. दहा लाख लोकांनी जी घेतली ती आज दोन डॉलरला पेटीच्या तळाशी पडलेली असते. तिच्यावर कुणीतरी शाईच्या पेनानं आपलं नाव लिहिलेलं असतं आणि पार्टीत मिसळू नये म्हणून लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलेला असतो. मला हे नेलपॉलिशवाले जास्त आवडतात.

माझा सगळ्यात लाडका जोड तर मिळून 30 डॉलरच्याही आतला आहे. बुकर टी अँड द एमजीज या वादकगटाचं 'ग्रीन अनियन्स'. मेम्फिसला मॅकलमोर अव्हेन्यूवरच्या जुन्या थिएटरात स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ होता. 1962 मध्ये एका रविवारी दुसऱ्याच गायकाच्या मुद्रणासाठी ही मंडळी जमली, ते काम फिसकटलं, आणि हाताशी वेळ आहे म्हणून त्यांनी एक संथ ब्लूज वाजवून ठेवला, 'बिहेव युअरसेल्फ'. मागची बाजू रिकामी कशी ठेवायची म्हणून सतरा वर्षांच्या बुकर टी जोन्सकडची एक ऑर्गनची धून घेतली. मे महिन्यात व्होल्ट या उपलेबलवर 102 नंबरची तबकडी निघाली, पुढे 'बिहेव युअरसेल्फ', मागे 'ग्रीन अनियन्स'. मेम्फिसच्या डब्ल्यूएलओके स्टेशनवर मागची बाजू वाजली आणि फोन खणखणायला लागले. मग मालकांनी तबकडी फिरवली. तेच गाणं पुढच्या बाजूला घेऊन स्टॅक्स 127 या नव्या नंबरानं पुन्हा काढलं.

दोन्ही शेजारी ठेवून बघावं. व्होल्टच्या प्रतीत एक आख्खी कंपनी चुकीच्या बाजूवर पैसे लावताना दिसते. स्टॅक्सच्या प्रतीत तिनं चूक कबूल केलेली असते. गॉर्डीनं नंबर न बदलता चूक झाकली, मेम्फिसवाल्यांनी उघड मान्य केली. त्यामुळे मेम्फिसवाल्यांचा हिशेब लावणं सोपं आणि गॉर्डीचा लावायला चौदा तबकड्या.

मेम्फिसवाल्यांनी एक कागद मात्र वाचला नाही आणि तो त्यांना भोवला. ही कंपनी आधी सॅटेलाइट नावाची. कॅलिफोर्नियात त्याच नावाची दुसरी निघाली म्हणून 1961 मध्ये जिम स्टुअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल अ‍ॅक्स्टन यांच्या आडनावांतून स्टॅक्स जुळवलं. वितरण अटलांटिक या मोठ्या रेकॉर्ड कंपनीकडे. गायिका कार्ला थॉमसचं 'जी व्हिझ' आधी सॅटेलाइट 104 आणि मग अटलांटिक 2086 असं दोन्ही लेबलांवर सापडतं, त्याचं कारण हेच. पुढे अटलांटिक वॉर्नर ब्रदर्स-सेव्हन आर्ट्सला विकली गेली आणि 1968 मध्ये स्टॅक्स वेगळी व्हायला निघाली, तेव्हा कळलं की करारानुसार आजवर अटलांटिकनं वितरित केलेल्या सगळ्या मूळ ध्वनिफिती अटलांटिकच्या मालकीच्या. ओटिस रेडिंग डिसेंबर 1967 मध्ये विमान अपघातात गेला होता, त्याची गाणीही त्यात गेली. पेटीत बोटं फिरवताना हा सगळा प्रसंग रंगात दिसतो. फिकट निळं लेबल आणि त्यावरचं तबकड्यांच्या चळतीचं चित्र संपतं, आणि पिवळ्या लेबलवरची चुटकी वाजवणारी बोटं सुरू होतात. नवा नंबर पुन्हा एकपासून. ती पहिली चुटकी दिसली की माझ्या पोटात अजून तुटतं. माझ्या धंद्यात असे लोक रोज भेटतात. कलम होतं, सही होती, वाचलं कुणी नव्हतं.

तारखांबद्दल एक तक्रार नोंदवून ठेवतो. गाणं 'कधी आलं' या प्रश्नाला एक उत्तर नसतं. मुद्रणाची तारीख वेगळी, तबकडी दाबली ती वेगळी, दुकानात आली ती वेगळी, यादीत चढली ती वेगळी. लोक बिलबोर्ड या संगीतव्यवसायाच्या साप्ताहिकाच्या जुन्या अंकातली यादी बघून तारीख ठोकून देतात. पण 1963 च्या नोव्हेंबर अखेरीपासून 1965 च्या जानेवारीपर्यंत बिलबोर्डनं रिदम अँड ब्लूजची वेगळी यादीच छापली नाही. चौदा महिने सोलच्या सुवर्णकाळात भोक. त्या काळासाठी कॅश बॉक्स या दुसऱ्या साप्ताहिकाचे अंक चाळावे लागतात, नाहीतर रेडिओ स्टेशनांच्या शिक्क्यांवर भिस्त ठेवावी लागते. पांढऱ्या लेबलच्या प्रोमो प्रतीवर 'विक्रीसाठी नाही' छापलेलं असतं आणि आडवा, घाईत मारलेला तारखेचा शिक्का. त्या शिक्क्याइतका प्रामाणिक साक्षीदार मला भेटलेला नाही. ज्यानं तो मारला त्याला इतिहासाशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला टपाल संपवायचं होतं.

तर चौदावी प्रत.

या मार्चमध्ये एका एस्टेट सेलला गेलो होतो. दुसरा दिवस, म्हणजे सगळं अर्ध्या किमतीत आणि चांगलं ते गेलेलं. इस्त्रीच्या टेबलाखाली बुटाच्या खोक्यात तीसेक तबकड्या, जाकिटाशिवाय, एकमेकींवर घासून पांढुरक्या झालेल्या. त्यात 'शॉप अराउंड'. आधी लेबल पाहिलं, पिवळं, आडव्या रेघांचं. म्हणजे सुरुवातीच्या काळातलं, कारण नंतर टॅम्लाच्या लेबलवर दोन पृथ्वीगोल आले आणि तसली असती तर तिथंच ठेवून दिली असती. मग खिडकीपाशी जाऊन डेड वॅक्स तिरपं धरलं. त्यातला मॅट्रिक्स संथ प्रतीचा म्हणून माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलाच होता. वही काढून दोनदा जुळवलं. मग खिशातून, म्हणजे पिशवीतून, बॅटरीवरचा छोटा प्लेअर काढला आणि जमिनीवर मांडी घालून सुई ठेवली. सेल सांभाळणाऱ्या बाई माझ्याकडे जरा काळजीनं बघत होत्या.

खरखर, खरखर, आणि मग ते सुरू झालं. लय खाली बसलेली, गाणं पाय ओढत चाललेलं, स्मोकी तोच, आईचा उपदेशही तोच, पण पोराला तो मनावर घ्यायची काही घाई नाही. दोन्ही बाजूंना भेग नव्हती, एवढंच चांगलं म्हणता येईल. 50 सेंट दिले. बाई म्हणाल्या, आवडीचं गाणं वाटतं.

घरी येऊन ती धुतली, पुन्हा वाजवली, मग नेहमीची वाजवली, मग पुन्हा ती. अकरा वर्षांनी मला मान्य करावं लागलं की गॉर्डीचं बरोबर होतं. रात्री तीनला फोन करण्याइतकं बरोबर होतं. चढ्या लयीत त्या गाण्याला जे पाय फुटतात ते संथ प्रतीत नाहीत.

बायकोला खाली बोलावून दोन्ही ऐकवल्या. तिनं दुसरी पुन्हा लावायला सांगितली, नेलपॉलिशवाली, दोन डॉलरची. संथ प्रत नव्या पिशवीत घातली, कोपऱ्यावर पेन्सिलीनं वर्ष लिहिलं आणि खणात व्होल्ट 102 च्या शेजारी ठेवली. उरलेल्या तेरांपैकी किती टाकून देणार, असं ती जिन्यातून विचारत होती.